डोके पुन्हा हलवायला शिकताना: तोल आणि अंतर्कर्णाच्या विकारांतील पुनर्वसन

चक्करेचा त्रास सहा-सात महिने सोसलेला रुग्ण बहुतेक वेळा दारातून आत येतानाच ओळखू येतो. बाजूला पाहायचे असेल तर तो मान वळवत नाही, सगळे अंगच वळवतो. रात्री दोन उशा घेऊन एकाच कुशीवर झोपतो, माळ्यावरचा डबा काढायचे काम घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी सोपवतो आणि बोळातून जाताना भिंतीवरचा हात काढत नाही. एकदा सारे घर डोळ्यांसमोर फिरलेले पाहिल्यावर माणसाने असे जपून वागावे हे स्वाभाविकच आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मला मात्र वारंवार हे दिसते की मूळ दुखणे काही आठवड्यांत ओसरलेले असते आणि त्यानंतरचे अनेक महिने रुग्णाला बेजार करतो तो या जपण्याचाच परिणाम. डोके हलवल्याशिवाय मेंदूला तोल पुन्हा शिकता येत नाही. ते कोणी हलवावे, केव्हापासून, किती आणि कसे, हे नव्याने उपचार सुरू करणाऱ्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी येथे क्रमाने मांडले आहे.

तोल कसा राखला जातो

आपला तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर अवलंबून असतो: डोळे, पाय आणि मान यांतील स्नायू व सांधे, आणि दोन्ही बाजूंना कवटीच्या हाडात दडलेला अंतर्कर्ण. प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि डोके कोणत्या दिशेला किती वेगाने वळले ते त्या टिपतात. नलिकांच्या बुडाशी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत चिकटलेल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म कणांमुळे डोके किती कलले आणि शरीर पुढे-मागे वा वर-खाली किती सरकले हे कळते.

या यंत्रणेचे सर्वांत नाजूक काम नजर स्थिर ठेवण्याचे आहे. वर्तमानपत्र हाताच्या अंतरावर धरून भराभर डावीकडे-उजवीकडे हलवले तर अक्षरे पुसट होतात; पण वर्तमानपत्र स्थिर ठेवून तितक्याच वेगाने डोके हलवले तर मथळा सहज वाचता येतो. या दुसऱ्या वेळी अंतर्कर्ण डोक्याची हालचाल टिपून डोळ्यांना तितकेच उलट दिशेला वळवत असतो आणि हे सारे १० मिलिसेकंदांच्या आत घडते. एका बाजूचा अंतर्कर्ण दुबळा झाला की हा हिशेब चुकतो, डोके वळताच समोरचे दृश्य घसरते आणि ते घसरणे आपल्याला चक्कर म्हणून जाणवते. ही चूक पुन्हा पुन्हा अनुभवास आली तर मेंदू, विशेषतः लहान मेंदू, तिची दुरुस्ती करतो. सारे पुनर्वसन या एका गुणावर उभे आहे. डोके जखडून ठेवले तर चूक अनुभवास येतच नाही, आणि मग दुरुस्तीही होत नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कान-नाक-घसा शल्यविशारद टेरेन्स कॉथॉर्न आणि डॉ. कुक्सी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर उपचार करीत होते. जे रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतात ते लवकर सावरतात, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी अंथरुणावर, मग बसून, मग उभे राहून आणि शेवटी चालताना करायच्या व्यायामांची मालिका तयार केली. आजचे व्यायाम अधिक नेमके आणि रुग्णागणिक वेगळे असतात, परंतु त्यांची वंशावळ तेथूनच येते.

पहिली पायरी: त्रासाला नेमके शब्द द्या

मराठीत गरगरणे, घेरी येणे, भोवळ येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झोकांड्या जाणे असे वेगवेगळे शब्द आहेत, पण दवाखान्यात गेल्यावर आपण या सगळ्यांना एकच नाव देतो: चक्कर. तेथेच निदानाची वाट चुकते. घर फिरताना दिसते का, उठून उभे राहताच अंधारी येते का, की बसल्यावर काहीच होत नाही आणि चालतानाच तोल जातो, हे वेगवेगळे सांगितले पाहिजे. उठल्यावर येणारी अंधारी बहुधा रक्तदाबाशी, औषधांशी किंवा रक्तक्षयाशी निगडित असते आणि तिच्यासाठी पुढचे व्यायाम नाहीत.

शब्दांहूनही अधिक उपयोगी पडते ती वेळेची नोंद. कुशीवर वळताना, झोपताना किंवा वर पाहताना येणारी आणि एका मिनिटाच्या आत थांबणारी गरगर बहुधा नलिकेत निसटलेल्या कणांची असते. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालणारे झटके, त्यांच्या जोडीने कानात गुणगुण, दडा बसणे आणि ऐकू कमी येणे, हे चित्र मेनिएरच्या विकाराचे असते. एकाएकी सुरू होऊन दिवसेंदिवस न थांबणारी, ओकाऱ्यांसह येणारी गरगर तोलाच्या मज्जातंतूला सूज आल्याने होऊ शकते. चक्करेसोबत प्रकाश आणि आवाज सहन न होणे किंवा पूर्वीपासून अर्धशिशी असणे, ही अर्धशिशीजन्य चक्करेची खूण असू शकते. तपासणीला जाण्यापूर्वी आठवडाभर एका वहीत वेळ, कालावधी, त्या वेळी आपण काय करीत होतो आणि कानाची तक्रार होती का, एवढे चार रकाने भरले तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

काही लक्षणांच्या बाबतीत मात्र वहीत नोंद करीत बसू नये. बोलणे अडखळणे, चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, एकाची दोन दृश्ये दिसणे, अचानक असह्य डोकेदुखी होणे, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, किंवा आधाराशिवाय उभेच राहता न येणे, यांपैकी काहीही चक्करेसोबत आले तर तो पक्षाघात किंवा हृदयविकार असू शकतो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर तेही तातडीचेच आहे, कारण त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक उपयोगी ठरतात. चार दिवस तेल घालून पाहू, असे म्हणत थांबणे येथे महागात पडते.

दुसरी पायरी: निदान आणि गोळ्यांचा हिशेब

कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांच्याकडून निदान झाल्याशिवाय व्यायाम सुरू करू नयेत. ते डोळ्यांची हालचाल पाहतील, डोके हलक्या हाताने पण झटक्यात वळवून नजर टिकते का हे तपासतील, पलंगावर झोपवून पाहतील, श्रवणचाचणी करून घेतील. गरज असेल तर कानात ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे पाणी सोडून प्रत्येक बाजूचा प्रतिसाद स्वतंत्रपणे मोजला जातो. त्या वेळी थोडी गरगर होते आणि ती अपेक्षितच असते. फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर पाय जुळवून व डोळे मिटून उभे राहणे, फोमवर उभे राहणे, मान वळवत चालणे अशा चाचण्या होतात, आणि २५ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली जाते. तिचे गुण ० ते १०० असतात. ते जपून ठेवावेत, कारण सहा आठवड्यांनी आपण किती सुधारलो हे आपल्या आठवणीपेक्षा ते आकडे अधिक खरे सांगतात.

येथे एक गोष्ट मला स्पष्टपणे लिहिली पाहिजे. आपल्याकडे चक्कर आली की मानेचा एक्स-रे काढण्याची आणि मणक्याची झीज दिसली की गळ्यात पट्टा घालण्याची सवय फार खोलवर रुजली आहे. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेमध्ये थोडीफार झीज दिसतेच. ती दिसली म्हणजे चक्करेचे कारण सापडले असे होत नाही. अंतर्कर्णाचा दोष असलेल्या माणसाच्या गळ्यात पट्टा घातला तर मेंदूला शिकण्यासाठी जी हालचाल हवी, नेमकी तीच बंद होते. पट्टा कोणत्या निदानासाठी दिला आहे, हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे आणि तो त्याने वापरावा.

गोळ्यांचेही तसेच आहे. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारखी औषधे तीव्र गरगर आणि ओकाऱ्या थांबवण्यासाठी पहिले दोन-तीन दिवस मोलाची असतात. पण ती तोलाचे संकेतच मंदावतात, म्हणून महिनोन्‌महिने घेतल्यास मेंदूची दुरुस्ती लांबते, आणि वयस्कर व्यक्तींत हातांना कंप सुटणे किंवा हालचाली मंदावणे असे दुष्परिणामही दिसू शकतात. जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून गोळ्या आणत राहणे थांबवावे. मात्र चालू औषध कमी करणे किंवा बंद करणे डॉक्टरांना विचारूनच व्हावे. मेनिएरचा विकार आणि अर्धशिशी यांत झटके टाळण्यासाठी दिलेली औषधे हा वेगळा विषय आहे आणि ती परस्पर सोडू नयेत.

तिसरी पायरी: निसटलेले कण जागेवर आणणे

कुशीवर वळताना येणाऱ्या थोडक्या वेळाच्या गरगरीसाठी व्यायामांच्या लांबलचक तक्त्याची गरज नसते. पिशवीतले कण निसटून नलिकेत, बहुधा मागच्या नलिकेत, शिरलेले असतात आणि डोके एका ठरावीक क्रमाने फिरवून त्यांना परत पिशवीत आणता येते. हे कण एक्स-रेत वा एमआरआयमध्ये दिसत नाहीत. त्यांचे निदान पलंगावरच होते: डोके ४५ अंश वळवून रुग्णाला पटकन उताणे झोपवले जाते, आणि काही क्षणांनी डोळे ठरावीक पद्धतीने थरथरू लागतात. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेली ही चाचणी आजही निदानाचा आधार आहे. उपचाराची युक्ती अमेरिकन डॉक्टर जॉन एप्ली यांची असून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

उजव्या कानासाठी तिचा क्रम असा आहे. पलंगावर पाय लांब करून बसावे आणि आडवे झाल्यावर खांद्यांखाली येईल अशा बेताने मागे एक उशी ठेवावी. डोके उजवीकडे ४५ अंश वळवावे आणि ते तसेच ठेवून पटकन उताणे व्हावे, म्हणजे खांदे उशीवर येतात आणि डोके थोडे मागे झुकते. गरगर सुरू होईल. ती थांबेपर्यंत आणि त्यानंतरही थोडे, म्हणजे सुमारे एक मिनिट, तसेच पडून राहावे. मग डोके न उचलता ते डावीकडे ९० अंश वळवून पुन्हा तितकेच थांबावे. त्यानंतर अंगासह डाव्या कुशीवर वळून नाक जमिनीकडे येईल इतके तोंड खाली करावे आणि पुन्हा थांबावे. शेवटी हनुवटी किंचित छातीकडे ठेवून डाव्या बाजूने हळूच उठून बसावे आणि लगेच उभे राहू नये. डाव्या कानासाठी साऱ्या दिशा उलट होतात.

ही युक्ती पहिल्यांदा जाणकाराच्या हाताखालीच व्हावी असा माझा आग्रह आहे. कोणता कान आणि कोणती नलिका हे चुकले तर युक्तीचा उपयोग होत नाही, आणि आडव्या नलिकेतल्या कणांसाठी अंग पूर्ण लोळवण्याची वेगळी पद्धत वापरावी लागते. मानेचे गंभीर दुखणे, संधिवाताने सैल झालेली मान, नुकतीच झालेली मानेची वा डोळ्याची शस्त्रक्रिया असेल तर आधी तसे सांगावे. पुष्कळ रुग्ण एक-दोन वेळांतच मोकळे होतात. त्यानंतर दोन रात्री बसून झोपण्याचा जुना सल्ला आता आवश्यक मानला जात नाही, नेहमीसारखे झोपावे. हा त्रास पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून आपला कान कोणता ते वहीत लिहून ठेवावे, आणि वारंवार उद्भवत असेल तर रक्तातील ड जीवनसत्त्व तपासून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

चौथी पायरी: टिकलीवर नजर

मज्जातंतूची सूज ओसरल्यावर, कानाजवळच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा औषधांमुळे अंतर्कर्ण दुबळा झाल्यावर जे पुनर्वसन लागते त्याचा गाभा हा एकच व्यायाम आहे. तो दिसायला इतका साधा आहे की रुग्ण त्याला पुरेसा मान देत नाहीत, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

कोऱ्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक टिकली चिकटवावी किंवा कागदावर एक ठळक अक्षर लिहून लावावे. तिच्यापासून हाताच्या अंतरावर, हात नसलेल्या भक्कम खुर्चीत ताठ बसावे. चष्मा असेल तर लावावा. नजर टिकलीवर खिळवून डोके डावीकडे-उजवीकडे, प्रत्येक बाजूला सुमारे २० अंश, नकार देताना हलवतो तसे हलवावे. वेग हळूहळू वाढवत जावा आणि टिकलीची कड जेथे पुसट होऊ लागते, त्याच्या किंचित अलीकडचा वेग धरून ठेवावा. एक मिनिट झाले की थांबावे, डोके शांत होऊ द्यावे आणि मग होकार देताना हलवतो तसे वर-खाली एक मिनिट करावे. सुरुवातीला मिनिट पुरे होत नसेल तर ३० सेकंदही चालतात.

यात होणाऱ्या चुका मी रोज पाहतो. काही जण डोके स्थिर ठेवून डोळेच इकडेतिकडे फिरवतात. तो वेगळा व्यायाम झाला, आणि नजर स्थिर करण्यासाठी नुसता तेवढाच करून उपयोग नाही. काही जण इतके सावकाश हलवतात की अंतर्कर्णावर कामच पडत नाही. काही जण श्वास रोखून, खांदे आवळून करतात आणि संध्याकाळी मान दुखते म्हणून व्यायाम सोडतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे चक्कर जाणवताच थांबणे. थोडी चक्कर येणे हे या व्यायामाचे काम चालू असल्याचे लक्षण आहे. ती अजिबात न येता तक्ता पूर्ण होत असेल तर व्यायाम पुढच्या टप्प्यावर न्यायची वेळ झाली आहे.

मात्रा मात्र औषधासारखीच मोजून घ्यावी. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या मज्जाविकार शाखेने २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, एका कानाचा विकार नुकताच झाला असेल तर हे नजरेचे व्यायाम दिवसातून किमान ३ वेळा मिळून निदान १२ मिनिटे व्हावेत. विकार जुना असेल तर दिवसातून ३ ते ५ वेळा मिळून किमान २० मिनिटे, ४ ते ६ आठवडे. आणि दोन्ही कान दुबळे असतील तर एकूण २० ते ४० मिनिटे, ५ ते ७ आठवडे. ही मिनिटे दिवसभरात वाटून घ्यायची असतात. एकाच बैठकीत २० मिनिटे डोके हलवून उरलेला दिवस अंथरुणात घालवणे हा उत्साह घातक ठरतो.

चक्करेला ० ते १० गुण देण्याची सवय लावावी. व्यायामाआधीच्या गुणांत दोन-तीनची भर पडली आणि ती १५ ते २० मिनिटांत ओसरली तर मात्रा योग्य आहे. तासभर टिकली तर पुढच्या वेळी वेग किंवा वेळ निम्मी करावी, व्यायाम बंद करू नये. पहिल्या आठवड्यात त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो, आणि बहुतेक जण व्यायाम सोडतात तेही याच आठवड्यात; घरच्यांनी नेमक्या या काळात पाठीशी उभे राहावे.

पुढे टप्पे वाढवत न्यावेत: बसून जमले की उभे राहून, मग पाय जुळवून, मग टिकलीमागे ठसठशीत नक्षीची चादर टांगून, मग टिकलीकडे चालत जाताना. अखेरच्या टप्प्यावर टिकली लावलेले कार्ड हातात धरून ते डोक्याच्या उलट दिशेला हलवायचे असते. हा टप्पा कठीण आहे आणि थेरपिस्टने सांगितल्याशिवाय त्यावर जाऊ नये.

पाचवी पायरी: ज्या हालचालीची धास्ती आहे तीच, थोडी थोडी

आपल्याला नेमक्या कोणत्या हालचालींनी चक्कर येते त्यांची यादी करावी: खाली वाकून बादली उचलणे, अंथरुणात वळणे, माळ्याकडे पाहणे, पाठीमागून हाक आल्यावर झटकन वळणे. त्यांतून मध्यम त्रास देणाऱ्या दोन-तीन निवडून प्रत्येक हालचाल ३ ते ५ वेळा, दिवसातून दोनदा करावी आणि दोन वेळांच्या मध्ये चक्कर ओसरेपर्यंत थांबावे. दोन-तीन आठवड्यांत तीच हालचाल बोथट वाटू लागते.

ज्यांना बाजारातली वर्दळ, मॉलमधल्या वस्तूंच्या रांगा, मोबाइलवर सरकणारे चित्र किंवा बसच्या खिडकीबाहेर पळणारी झाडे सहन होत नाहीत, त्यांचा मेंदू कानावरचा विश्वास उडाल्याने डोळ्यांवर फार विसंबलेला असतो. त्यांनीही हीच रीत वापरावी: पहिल्या आठवड्यात सकाळची, कमी गर्दीची मंडई आणि पाच मिनिटे, मग दहा, मग संध्याकाळची मंडई. तीन महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस, उभे राहिल्यावर आणि गजबजीत तरंगल्यासारखे वाटत असेल तर त्या स्थितीला वैद्यकात स्वतंत्र निदान आहे, आणि तिच्यावर व्यायाम, समुपदेशन व काही वेळा औषधे यांचा एकत्र उपयोग होतो. अशा रुग्णाला "सगळे रिपोर्ट चांगले आहेत, मनाचेच खेळ आहेत" असे सांगणे चुकीचे आणि क्रूर आहे. मेंदूची तोल सांभाळण्याची रीत बिघडलेली असते आणि रिपोर्टवर ती उमटत नाही.

सहावी पायरी: उभे राहणे आणि चालणे

घरातला मोकळा कोपरा निवडून पाठ कोपऱ्याकडे करावी आणि समोर जड खुर्ची ठेवावी, म्हणजे कोणत्याही दिशेला तोल गेला तरी आधार आहे. वयस्कर व्यक्तींजवळ पहिले काही दिवस कोणीतरी उभे असावे. पाय खांद्यांइतके लांब ठेवून ३० सेकंद उभे राहावे, मग पाय जुळवून, मग एक पाऊल अर्धे पुढे घेऊन, मग टाचेला दुसऱ्या पायाची बोटे लावून. प्रत्येक स्थिती आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. आधी फरशीवर, मग घडी केलेल्या गोधडीवर किंवा जाड फोमवर. एका वेळी एकच गोष्ट कठीण करावी, हा नियम मोडू नये: मऊ गोधडीवर पहिल्यांदा उभे राहत असाल तर डोळे उघडेच असावेत. बोटांच्या टोकांनी खुर्चीला हलका स्पर्श चालेल. खुर्ची घट्ट धरली तर तोल खुर्ची सांभाळते आणि पाय काहीच शिकत नाहीत. तोलाच्या या व्यायामांना जुन्या विकारात दिवसाला निदान २० मिनिटे द्यावीत.

चालण्याचा सराव इमारतीच्या आवारात सपाट जागी सुरू करावा. दर तिसऱ्या पावलाला डावीकडे, मग उजवीकडे पाहावे. पुढच्या आठवड्यात वर-खाली. मग चालता चालता सोबत्याशी गप्पा माराव्यात किंवा पाढे म्हणावेत, कारण प्रत्यक्ष रस्त्यावर आपण कधीच केवळ चालत नसतो. त्यानंतर बागेतली हिरवळ, चढ-उतार, जिने. ज्यांच्या चष्म्यात जवळचा नंबर खालच्या भागात असतो त्यांना जिना उतरताना पायरी पुसट दिसते. त्यांनी मान थोडी खाली करून पाहावे किंवा चालण्यासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा.

हे चालू असताना घरही सुरक्षित करून घ्यावे. न्हाणीघरात आणि शौचकूपाजवळ भिंतीला पक्का दांडा बसवावा, बसून अंघोळ करता येईल असा स्टूल ठेवावा, निसटणारी पायपुसणी काढून टाकावीत आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा जळू द्यावा. झटके चालू असताना दुचाकी चालवू नये आणि शिडीवर चढू नये.

ज्यांच्यासाठी नियम थोडे वेगळे आहेत

दोन्ही अंतर्कर्ण दुबळे झालेल्यांना बहुधा गरगर होतच नाही. त्यांना चालताना जग उड्या मारताना दिसते, दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत आणि अंधारात पाय अडखळतात. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन या इंजेक्शनांनी हे होऊ शकते. आपल्याकडे क्षयरोगाच्या उपचारात स्ट्रेप्टोमायसिन वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. श्रवणशक्ती पुष्कळदा शाबूत राहते, त्यामुळे कानाचा संशयच कोणाला येत नाही. अशी इंजेक्शने चालू असताना चालताना दृश्य हलू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. या रुग्णांना व्यायामाचा लाभ होतो, पण वेळ जास्त लागतो. डोळे मिटून मऊ पृष्ठभागावर उभे राहणे काहींना कधीच जमत नाही आणि त्यात त्यांचा दोष नसतो. त्यांनी एकट्याने पोहायला जाऊ नये, कारण पाण्याखाली वरची बाजू कोणती हेच कळेनासे होऊ शकते.

मेनिएरच्या विकारात झटका चालू असताना व्यायाम करू नयेत. दोन झटक्यांच्या मध्ये तोल डळमळीत राहत असेल तरच ते उपयोगी पडतात. आहारात मीठ कमी करण्याचा सल्ला मिळतो, आणि आपल्या ताटात ते लोणचे, पापड, फरसाण आणि चटण्यांतून येते, हे लक्षात ठेवावे. अर्धशिशी असलेल्यांनी मात्रा निम्म्यापासून सुरू करावी, झोपेची आणि जेवणाची वेळ सांभाळावी. उपवासाने झटका येत असेल तर एकादशी किंवा नवरात्राचे कडक उपास करण्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मोठ्या आवाजाने, खोकल्याने किंवा जोर केल्याने चक्कर येत असेल तर व्यायाम थांबवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

किती दिवस, आणि त्यानंतर

सहा आठवडे नेमाने केल्यावर पुन्हा त्याच चाचण्या आणि तीच प्रश्नावली व्हायला हवी. गुण सुधारलेले असतील आणि रोजचे व्यवहार विनासायास होत असतील तर तक्ता हळूहळू कमी करावा. काहीच फरक नसेल तर आणखी जोर लावण्यापूर्वी निदान पुन्हा तपासावे, कारण पुष्कळदा कण तसेच राहिलेले असतात किंवा अर्धशिशीचा उपचार झालेला नसतो. व्यायाम थांबवल्यावर चालणे आणि रोजचे काम सोडू नये. सूर्यनमस्कारांची सवय असेल तर थेरपिस्टला विचारून, सुरुवातीला सावकाश आणि मोजकेच, ते पुन्हा सुरू करता येतात.

वर्षभराने एखादा तापाचा आजार, शस्त्रक्रियेनंतरची आठवडाभराची विश्रांती किंवा लागोपाठच्या जागरणांनंतर जुनी अस्थिरता पुन्हा डोकावू शकते. अशा वेळी मेंदूने केलेली जुळवणी तात्पुरती विस्कटलेली असते. दुखणे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असे बहुधा नसते. नवे कोणतेही लक्षण नसेल तर बसून टिकली पाहण्यापासून तोच तक्ता पुन्हा चालू करावा. या खेपेला बहुतेकांना कमी दिवस लागतात. त्यासाठी शेवटच्या भेटीत थेरपिस्टकडून आपला व्यायामांचा तक्ता, बाधित कान आणि अखेरचे गुण एका कागदावर लिहून घ्यावेत आणि तो कागद रिपोर्टच्या फायलीत सर्वांत वर ठेवावा.